धरून ठेवण्याचं काम

उमेओत डिसेंबरात
दुपारी पावणेदोनला सूर्य आवरतं घेतो.
गुनेल तेव्हा तळघरात असते,
तिला कळतही नाही.

तळघर अशासाठी, की वरच्या मजल्यावर
बस थांबली तरी मोजमाप बिघडतं.
दोन टनांचं टेबल, हवेच्या उशांवर तरंगणारं,
आणि लिफ्टच्या दारावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी:
चारपर्यंत जिना वापरा.
सिक्स्टेन, तूसुद्धा.

ती बोटाला सुई टोचते.
थेंबभर रक्त, मिठाचं पाणी, काचेच्या दोन पट्ट्या,
आणि पडद्यावर तिच्याच पेशींची
जत्रा पांगावी तशी गर्दी.
त्यातली एक निवडते.
तीच का, याला काही उत्तर नाही.

धरणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही,
लालच्याही पलीकडचा तो,
भिंगातून आवळत आवळत
टिंबाएवढा केलेला.
कवडशात धूळ नाचताना सगळ्यांनीच पाहिलीय.
इथे कवडसा धुळीला म्हणतो,
थांब जरा.
आणि ती थांबते.

म्हणजे, थांबत नाही.
पाणी चहूकडून ढुशा देत राहतं,
ती थरथरत राहते,
फक्त त्या टिंबापासून लांब जात नाही.
दाव्याला बांधलेलं वासरू जसं,
पण दावं नाही,
खुंटाही नाही.

रविवारी ती वेनेसला जाते, वडिलांकडे.
एवर्ट, वय एकोणनव्वद.
वीस उन्हाळे नदीतून ओंडके वाहून नेले त्यानं,
हातात बारा फुटी काठी, टोकाला लोखंडी आकडा.
"वजन किती धरतेस?" तो विचारतो.
"मिठाचा एक कण घ्या," ती म्हणते,
"त्याचे पन्नास हजार तुकडे करा,
त्यातला एक."
"मग आधी हे मुरंब्याचं झाकण उघडून दाव."

दोघं हसतात.
मग एकदम, झाकणाकडेच बघत:
"चटका बसतो का गं तिला?"

बसतो.
मंगळवारी जरा जास्त रेटलं होतं,
एक पेशी शिजली.
आधी सुरकुतली, मग धरायला काही उरलंच नाही.
वहीत तिनं लिहिलं: नमुना सात, निकामी.
सिक्स्टेनलाही बोलली नव्हती.
हे ती मुरंब्याच्या बाटलीला सांगते,
एवर्ट ऐकतो.

आता तो म्हणेल, पोरी, ओंडका धरायचा नसतो,
त्याच्या बाजूनं चालायचं असतं,
म्हातारी माणसं म्हणतात तसलं काहीतरी.
तो म्हणाला,
"सत्तावन्न साली ओंडक्यांचा बांध फुटला.
माझी काठी आत अडकलेली. सोडलीच नाही मी.
रागनार काठावरून ओरडतोय, सोड, सोड.
हा खांदा तेव्हापासूनचा."
आणि कॉफी मागितली.

सोमवार. सुई, दुसरं बोट.
आपण जीव मुठीत धरतो
तेव्हा भ्यालेले असतो.
ही मुठीशिवाय धरते
आणि भिते तेवढीच.
आज शक्तीचा आकडा दोन घरं खाली आणलाय.
पेशी दोन टिंबांमध्ये ताणली, लांबट झाली,
ढिली सोडली, पुन्हा गोल.
पुन्हा.
पुन्हा.
अकराव्यांदा गोल व्हायला किंचित उशीर लागला.
तो उशीर तिनं लिहून ठेवला.

मग कॉफीच्या पुड्याचा पुठ्ठा
किरणाच्या वाटेत सरकवला.

क्षणभर पेशी तिथेच.
सुटल्याचं तिला कोण कळवणार?
मग एक ढुशी या बाजूनं, एक त्या बाजूनं,
आणि ती निघाली, कुठेच न निघाल्यासारखी.
गर्दीत मिसळली.
आता यातली ती कोणती,
गुनेलला सांगता येणार नाही,
रक्त तिचंच असून.

चार वाजून गेलेत. वर केव्हाची रात्र.
पडद्यावर सगळ्या पेशी एकदम,
अगदी हलक्या, हादरल्या.
लिफ्ट.
सिक्स्टेन असणार.